बोटांना चाळा, मनाला थारा?

सभागृहात, बँकेच्या रांगेत, मुलाखतीसाठी बाहेरच्या बाकावर ताटकळत बसलेल्या माणसांकडे नीट पाहिलं तर बहुतेकांचे हात स्वस्थ नसतात. कोणी अंगठी फिरवतं, कोणी मंगळसूत्राच्या वाट्या बोटांत घोळवतं, कोणी पेनाचं टोपण काढतं-लावतं. या साध्या सवयीभोवती गेल्या दहा वर्षांत मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे. फिरत्या कड्याची अंगठी, मणी सरकणारी अंगठी, खडबडीत पट्ट्याचं ब्रेसलेट, चावायचं पेंडंट, मनगटावर हलकेच थरथरणारं यंत्र अशी किती तरी साधनं मिळतात. ‘लक्ष लागतं’, ‘अस्वस्थता कमी होते’ आणि ‘कोणाच्या लक्षात येत नाही’ हे तीन दावे त्यांच्या जाहिरातींत हमखास असतात.

यातला कोणता दावा कितपत टिकतो, संशोधकांत खरा मतभेद कुठे आहे आणि कोणता प्रश्न अजून मोकळाच पडला आहे, याची मांडणी इथे करायची आहे. एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. आज हाताशी असलेला बहुतेक पुरावा तळहातावर किंवा टेबलावर ठेवून खेळायच्या वस्तूंचा आहे. अंगावर घालायच्या आणि नजरेत न येणाऱ्या साधनांचा स्वतंत्र अभ्यास फार थोडा झाला आहे. तरीही एकाचा निकाल दुसऱ्याला सर्रास लावला जातो. बाजू घेणारे आणि विरोध करणारे, दोघेही ही गफलत करतात.

गाल्टन यांची बोटं

ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८५ साली ‘नेचर’मध्ये चुळबुळीच्या मोजमापावर एक छोटं टिपण लिहिलं. कंटाळवाण्या सभेत बसून त्यांनी श्रोत्यांच्या हालचाली मोजल्या होत्या. कंटाळलेला श्रोता साधारण मिनिटाला एकदा हलतो आणि विषयात रस आला की हे प्रमाण निम्म्यावर येतं, असं त्यांना आढळलं. चुळबुळ म्हणजे लक्ष उडाल्याची खूण, ही समजूत त्यातून मोजमापानिशी पुढे आली. आपल्या शाळांतली ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही शिस्तही याच समजुतीवर उभी आहे. शरीर स्थिर तर मन स्थिर, असं ती धरून चालते.

पण त्याच टिपणात एक तपशील आहे आणि मला तो निष्कर्षापेक्षा मोलाचा वाटतो. सभेत घड्याळ काढलं तर लोकांचं लक्ष जाईल, म्हणून गाल्टन वेळ आपल्या श्वासांवर मोजत होते. मिनिटाला पंधरा श्वास. तेही मनात न मोजता, प्रत्येक श्वासाला एकेक बोट दाबून. मनातली मोजणी त्यांनी श्रोत्यांच्या हालचालींसाठी राखून ठेवली होती. शेजाऱ्याला न कळेल अशी बोटांची लयबद्ध हालचाल चालू असताना डोकं दुसऱ्या कामाला मोकळं राहतं, हे ते स्वतः करून पाहत होते.

हाताला काम देऊन मन एका जागी ठेवायची रीत अर्थातच याहून फार जुनी आहे. ग्रीसमधली कोम्बोलोई, मुस्लिमांची तसबीह, ख्रिस्ती रोझरी आणि आपली जपमाळ ही सगळी त्याच घराण्यातली. रचनेच्या दृष्टीने गोमुखी फार बारकाईने पाहण्यासारखी आहे. गाईच्या तोंडाच्या आकाराची ती कापडी पिशवी. उजवा हात आत जातो आणि तर्जनी बाहेर राहते, कारण ती मण्यांना लावायची नसते. मधल्या बोटावर माळ टेकवून अंगठ्याने एकेक मणी ओढायचा. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची. हे सगळं डोळे मिटून होतं, कारण मेरुमणी आकाराने वेगळा लागतो आणि तो बोटांनाच कळतो. बाहेरून दिसतो फक्त पिशवीतला हात. न दिसणं, एका हाताने चालणं, नजर न मागणं आणि नेमकी जागा स्पर्शाने कळणं या चारही गोष्टी आजचा रचनाकार ज्या शोधात असतो त्याच आहेत. जपाचा हेतू नामस्मरणाचा. त्याला चाळ्याचं साधन म्हणणं बरोबर होणार नाही. पण वस्तू म्हणून गोमुखीने सोडवलेले प्रश्न आणि आजचे प्रश्न एकच आहेत.

घन, भिंगरी आणि शाळांमधली बंदी

आजचा वाद सुरू झाला तो २०१६ साली. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या मॅक्लॅक्लन बंधूंनी ‘फिजेट क्यूब’साठी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली आणि सुमारे ६५ लाख डॉलर गोळा झाले. सहा बाजूंना सहा वेगळे चाळे असलेला तो छोटासा ठोकळा ऑफिसात काम करणाऱ्या प्रौढांसाठी होता. पुढच्याच वर्षी, २०१७च्या उन्हाळ्यात, फिजेट स्पिनर जगभर पसरला. मधोमध बेअरिंग आणि भोवती तीन पाकळ्या, एवढीच त्याची रचना. स्केटबोर्डच्या चाकात बसणारं २२ मिलिमीटर व्यासाचं प्रमाण बेअरिंग त्याला चालत असल्याने तो कुठल्याही छोट्या कारखान्यात बनू शकला. फ्लोरिडाच्या कॅथरीन हेटिंगर यांचं नाव त्याच्या जनक म्हणून छापून आलं, पण १९९७ साली त्यांना ज्या खेळण्याचं पेटंट मिळालं होतं त्याची घडण वेगळी होती. नूतनीकरणाचे ४०० डॉलर भरता न आल्याने ते पेटंट २००५ सालीच संपलं होतं.

‘एडीएचडी (अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता), स्वमग्नता आणि चिंता यांवर उपयुक्त’ अशा लेबलांखाली स्पिनर विकला गेला. त्याच वर्षी बालरोगशास्त्राच्या एका नियतकालिकात आलेल्या आढाव्याने या दाव्यांना आधार सापडत नसल्याचं सांगितलं. तोवर अनेक शाळांनी त्यावर बंदी घातली होती. त्या बंदीचा एक परिणाम आजही जाणवतो. व्यावसायिक उपचारतज्ज्ञ ज्या मुलांना आधीपासून चाळ्याची साधनं देत होते, त्यांची साधनंही खेळण्यांत जमा झाली. शिक्षकाच्या नजरेत न येणाऱ्या साधनांची मागणी वाढली, ती या पार्श्वभूमीवर.

बाजूने: हालचालीमुळे अवधान टिकतं

हालचाल अवधानाला मदत करते, या मताची मुळं उद्दीपनाच्या सिद्धान्तात आहेत. कोणतंही काम नीट व्हायला मेंदूची जागृती मध्यम पातळीवर असावी लागते, फार कमी नको आणि फार जास्तही नको, हा विचार येर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८च्या प्रयोगांपासून चालत आला आहे. सिडनी झेंटॉल यांनी १९७०च्या दशकात तो चंचल मुलांना लावला. या मुलांची जागृती कंटाळवाण्या कामात लवकर खाली घसरते आणि हालचाल करून ती तिला वर आणतात, असं त्यांचं म्हणणं. तसं असेल तर चुळबुळ हा दोष न राहता शरीराने शोधलेला उपाय ठरतो.

या मताला आधार देणारे दोन अभ्यास नेहमी पुढे केले जातात. २०१५ साली मार्क रॅपोर्ट यांच्या गटाने ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांना स्मरणाची अवघड कामं दिली. एडीएचडी असलेले मुलगे जितके जास्त हलले, तितकं त्यांचं काम सरस झालं. इतर मुलग्यांत हा फायदा दिसला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस संकुलातल्या ज्युली श्वाइट्झर यांच्या गटाने मुलांच्या घोट्याला हालचालमापक बांधून प्रत्येक प्रश्नागणिक नोंद घेतली. एडीएचडी असलेल्या मुलांची हालचाल चुकलेल्या उत्तरांपेक्षा बरोबर उत्तरांच्या वेळी जोरकस होती. याच गटाने पुढे प्रौढांवर केलेलं काम याच दिशेला जातं.

सर्वसामान्य प्रौढांबाबत दाखला दिला जातो तो जॅकी अँड्रेड यांच्या २०१० सालच्या प्रयोगाचा. चाळीस जणांना दूरध्वनीवरचा एक कंटाळवाणा निरोप ऐकवला. ऐकताना ज्यांनी कागदावरचे आकार पेन्सिलीने भरले त्यांना इतरांपेक्षा २९ टक्के जास्त तपशील आठवला. हात थोडा गुंतल्यामुळे मन दिवास्वप्नात भरकटत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढच्या प्रयोगांत मात्र निकाल संमिश्र आले, विशेषतः काम ऐकण्याचं नसून पाहण्याचं असताना.

या सगळ्या पुराव्यात एक फट आहे आणि ती मोठी आहे. रॅपोर्ट आणि श्वाइट्झर यांनी मोजली ती आपोआप होणारी, साऱ्या अंगाची किंवा पायाची हालचाल. त्यात कोणाच्या हाती कसलं साधन नव्हतं. खुर्चीत हलण्याचा फायदा बोटातली अंगठी फिरवूनही मिळतो, हे त्यातून सिद्ध होत नाही. तो अंदाज आहे. शक्यतेच्या कोटीतला आहे, पण अंदाजच.

विरोधात: वस्तूच लक्ष खाते

दुसरी बाजू साधनांवरच्या प्रत्यक्ष प्रयोगांची आहे, आणि स्पिनरपुरता तिचा निकाल बऱ्यापैकी एकमुखी आहे. फ्लोरिडातल्या पाउलो ग्रॅझियानो यांच्या गटाने एडीएचडी असलेल्या ६० लहान मुलांना वर्गात स्पिनर दिले. सुरुवातीला त्यांची धावपळ थोडी कमी झाली, पण तो परिणाम टिकला नाही. लक्ष मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत घटलेलंच राहिलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ संकुलातल्या सोआरेस आणि स्टॉर्म यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चित्रफितीवरचं व्याख्यान दाखवलं. स्पिनर फिरवणाऱ्यांना कमी आठवलं. स्पिनरचा आपल्याला उपयोग होतो असं मानणारेही त्याला अपवाद ठरले नाहीत. साधनाबद्दल ‘मला बरं वाटतं’ ही साक्ष आणि प्रत्यक्ष कामगिरी यांत अंतर असू शकतं, ही या प्रयोगाची खरी शिकवण आहे.

तरीही सगळं एकाच दिशेला झुकत नाही. एडीएचडी असलेल्या दुसरीतल्या तीन मुलांवर २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्पिनरमुळे त्यांचं कामात राहण्याचं प्रमाण वाढलं. तिघांवरून सर्वसाधारण निष्कर्ष निघत नाही, पण वापर नीट शिकवून आणि नियम घालून साधन दिलं तर निकाल बदलतो का, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. सहावीच्या मुलांना दाबायचे मऊ चेंडू देऊन २००६ साली झालेल्या एका लहान अभ्यासातही वर्गात लक्ष विचलित होण्याचे प्रसंग घटले होते.

चेंडू आणि स्पिनर यांत नेमका फरक काय, याचा विचार केला की वादाचा बराचसा गुंता सुटायला लागतो. स्पिनर फिरतो, चमकतो, आवाज करतो, आणि किती वेळ फिरतो हे बघत राहावंसं वाटतं. त्यात एक छोटं उद्दिष्ट दडलेलं असतं. चेंडू दाबला की झालं, त्यात पाहण्यासारखं काही नसतं. व्याख्यान ऐकताना डोळे फळ्यावर हवेत. जी वस्तू डोळे ओढून घेते ती कामाशीच स्पर्धा करते. स्पिनरविरुद्धचा पुरावा म्हणूनच मला डोळे ओढणाऱ्या वस्तूंविरुद्धचा वाटतो. नजर न मागणाऱ्या साधनांबाबत तो जवळजवळ मौन आहे.

ताणाचा प्रश्न वेगळा ठेवायला हवा

जाहिरातींत ‘लक्ष’ आणि ‘शांतता’ यांची जोडी बांधलेली असते. संशोधनात या दोन वाटा वेगळ्या आहेत, कारण एका ठिकाणी जागृती वर आणायची असते आणि दुसऱ्या ठिकाणी खाली. एकाच अंगठीने दोन्ही साधतं, हा दावा निदान पुराव्यानिशी मांडायला हवा.

ताणाच्या वाटेवर एक रोचक निष्कर्ष २०१३ सालचा आहे. लंडनच्या रोहॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी गणित करायला लावलं. चेहरा चोळणं, ओठ चावणं, कपडे चाचपणं असे चाळे जास्त करणाऱ्या पुरुषांना ताण कमी जाणवला. स्त्रियांमध्ये हा संबंध दिसला नाही. याचं सर्वमान्य स्पष्टीकरण अजून नाही. बाजारात अशा अंगठ्या बहुतांशी स्त्रियांसाठी म्हणून विकल्या जातात, हे पाहता या प्रश्नाकडे अधिक लक्ष जायला हवं होतं.

दुसरी दिशा यंत्रांची. मनगटाच्या आतल्या बाजूला ठोक्यासारखी थरथर देणाऱ्या ‘डॉपल’ या पट्ट्याची चाचणी २०१७ साली लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवेमध्ये झाली. भाषणाची तयारी करणाऱ्या ५२ जणांना हे रक्तदाब मोजायचं यंत्र आहे असं सांगण्यात आलं. निम्म्यांच्या पट्ट्यात त्यांच्या नाडीपेक्षा संथ ठोका चालू होता. त्यांच्या त्वचेवरच्या घामाची वाढ कमी राहिली आणि त्यांनी स्वतः सांगितलेली चिंताही कमी होती. यंत्राचा खरा हेतू लपवल्यामुळे ‘बरं वाटेल’ या अपेक्षेचा परिणाम बाजूला ठेवता आला, म्हणून हा प्रयोग महत्त्वाचा. इथे माणूस स्वतः काहीच करत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. चाळ्यापेक्षा ही गोष्ट वेगळी आहे.

तिसरी दिशा आहे केस उपटणं, त्वचा कुरतडणं, नखं खाणं या सवयींच्या उपचाराची. माझ्या मते साधनरचनेला सर्वांत भक्कम पाया इथेच मिळतो. नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ साली सवय उलटवण्याची पद्धत मांडली. सवयीचा झटका आला की तिच्या उलट अशी दुसरी हालचाल करायची, उदाहरणार्थ मूठ घट्ट आवळायची. ही हालचाल कशी असावी याच्या त्यांनी अटी घातल्या. ती काही मिनिटं टिकवता यावी, स्नायूंवर ताण येऊन तिची जाणीव राहावी, चालू कामात अडथळा येऊ नये आणि चारचौघांत ती उठून दिसू नये. न दिसणं ही हौसेची बाब नसून उपचाराची अट आहे, असं या दोघांनी पन्नास वर्षांपूर्वी नोंदवलं. कारण साधं आहे. जो उपाय करायला लाज वाटते तो माणूस करत नाही.

याच परंपरेत ‘कीन’ हे ब्रेसलेट आलं. अमेरिकेतल्या अनीला इडनानी यांनी स्वतःची केस उपटण्याची सवय अनेक वर्षं लपवली होती. पती समीर कुमार आणि सहकाऱ्यांसह त्यांनी बनवलेलं हे ब्रेसलेट हात डोक्याकडे जाताना ओळखतं आणि थरथरून सावध करतं. ‘टाइम’ने २०१८च्या उत्तम शोधांत त्याची गणना केली. चाळा करण्याचं नव्हे, तर चाळ्याची जाणीव देण्याचं ते साधन आहे.

रचना: अंगठी जवळून पाहताना

फिरती अंगठी दोन भागांची असते. आतली पट्टी बोटाला बसते आणि तिच्या दोन्ही कडा बाहेर किंचित वळवलेल्या असतात. बाहेरचं कडं त्या दोन कडांच्या मध्ये मोकळं राहतं. सगळी करामत मधल्या फटीत आहे. फट जास्त झाली तर कडं हलतं, वाजतं आणि शेजाऱ्याला ऐकू जातं. कमी झाली तर उन्हाळ्यात घामाने अडकतं. कणीक मळणाऱ्या हाताच्या अंगठीत पीठ जाऊन बसतं, भांडी घासणाऱ्या हाताच्या अंगठीत साबण. दमट हवेत बोटं फुगतात आणि सकाळी सैल वाटणारी अंगठी दुपारी रुतते. प्रयोगशाळेत या गोष्टी दिसत नाहीत, पण साधन महिनाभर वापरलं जाणार की खणात पडणार, हे त्याच ठरवतात.

मग प्रश्न येतो तो कोणत्या बोटात घालायची याचा. त्याच हाताच्या अंगठ्याने कडं फिरवायचं असेल तर तर्जनी किंवा मधलं बोट सोयीचं. अनामिकेपर्यंत अंगठा सहज पोचत नाही, म्हणून अनामिकेतली अंगठी दुसऱ्या हाताने फिरवावी लागते आणि दोन्ही हात गुंततात. ब्रेसलेटचंही तेच. लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ते चालणार नाही. पेंडंटकडे हात गेला की तो समोरच्याला लगेच दिसतो. म्हणून काही रचनाकारांचा कल बाहीच्या कडेला आतून शिवलेल्या खडबडीत पट्टीकडे, घड्याळाच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूकडे किंवा खिशात राहणाऱ्या गुळगुळीत खड्याकडे असतो.

स्पर्शाचं शरीरशास्त्र इथे उपयोगी पडतं. बोटांच्या टोकांना स्पर्शग्राहकांची दाटी असते, त्यामुळे बारीक खाचा, कडा आणि खरखर त्यांना नेमकी कळते. हाताच्या केसाळ त्वचेत आणखी एक प्रकारचे तंतू असतात आणि ते हळुवार कुरवाळण्याला प्रतिसाद देतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या वेगाला ते सर्वांत जास्त उद्दीपित होतात आणि लोकांना सुखद वाटणारा वेगही हाच असतो, हे स्वीडनच्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं. मनगटासाठी साधन बनवणाऱ्याने ठोके आणि थरथर यांच्याइतकाच संथ घर्षणाचाही विचार करावा, असं यातून सुचतं.

मानव-संगणक संवादाच्या क्षेत्रात कॅथरीन इस्बिस्टर आणि मायकेल कार्लेस्की यांनी लोक मुळात कशाकशाशी चाळा करतात याचे नमुने गोळा केले. रबरबँड, पेनं, कागदाच्या पिना, झाकणं. लोक वस्तूपेक्षा तिच्या विशिष्ट जाणिवेकडे ओढले जातात. कोणाला टिचकीचा टणत्कार हवा असतो, कोणाला दाबल्यावर येणारा प्रतिकार, कोणाला नुसतं गुळगुळीत सरकणं. म्हणून सर्वांना चालणारं एकच साधन शोधण्यापेक्षा निवडीला वाव देणं शहाणपणाचं. मला आणखी एक अट महत्त्वाची वाटते. साधनात शेवट नसावा. सुटणारं कोडं, मोजले जाणारे फेरे, मोबाइलवर जमणारे गुण आले की मन तिकडे वळलंच म्हणून समजा.

झाकावं की दाखवावं

सर्वांत नाजूक मतभेद ‘नजरेत न येणारं’ या विशेषणावर आहे. एका बाजूला वापरणारी माणसं आहेत. नोकरीत, न्यायालयात, लग्नाच्या बोलणीत आपल्या अस्वस्थतेची चर्चा त्यांना नको असते. झाकलेलं साधन त्यांना चारचौघांत बसायचं स्वातंत्र्य देतं. अझ्रिन आणि नन यांची अट त्यांच्या बाजूने उभी आहे.

दुसऱ्या बाजूला स्वमग्न प्रौढांची चळवळ आहे. हात फडफडवणं, डोलणं, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणं या गोष्टींना ते स्टिमिंग म्हणतात. जास्त झालेली संवेदना त्याने आवरता येते, असं त्यांनी २०१९च्या एका मुलाखत-अभ्यासात सांगितलं आणि स्टिमिंग मोडून काढणाऱ्या उपचारांना विरोध नोंदवला. स्वमग्नता लपवत राहण्याची किंमत दमणूक आणि चिंता यांत मोजावी लागते, हे इतर अभ्यासांतही आलं आहे. त्यांच्या दृष्टीने मुलाला ‘हात फडफडवू नकोस, ही अंगठी फिरव’ असं सांगणं म्हणजे जुनीच शिस्त नव्या वेष्टनात देणं.

दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे असं मला वाटतं, कारण ती दोन वेगळ्या माणसांची निवड आहे. झाकायचं की नाही हे घालणाऱ्याने ठरवलं तर साधन मुक्त करतं. पालकांनी किंवा वरिष्ठांनी ठरवलं तर तेच साधन दडपतं. लहान मुलाच्या बाबतीत ही रेषा कोणी आखायची, याचं समाधानकारक उत्तर मला कोणाकडेच दिसलेलं नाही.

दागिना, खेळणं की उपकरण

साधन कोणत्या वर्गात मोडतं यावर त्याचे सुरक्षा नियम ठरतात, आणि अंगावरची साधनं नेमकी वर्गांच्या सीमेवर बसतात. अमेरिकेत २०१७ साली ग्राहक संघटनेने तपासलेल्या पितळी स्पिनरपैकी एकात ३३ हजार पीपीएम शिसं निघालं. मुलांच्या वस्तूंची मर्यादा १०० पीपीएम आहे. पण वेष्टनावर १४ वर्षांपुढच्यांसाठी असं लिहिलेलं असल्याने ती मर्यादा त्याला लागू नाही, असा बचाव झाला. भारतातही १ जानेवारी २०२१पासून लागू झालेला खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. ‘दागिना’ म्हणून विकलेली अंगठी आठवीतल्या मुलीच्या बोटात गेली तर तो आदेश तिला संरक्षण देत नाही.

सतत घासल्या जाणाऱ्या धातूत निकेलचा प्रश्न येतो. युरोपीय नियमांत त्वचेला दीर्घकाळ लागणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. मुलामा घासून गेल्यावरही ही मर्यादा पाळली जावी, हे इथे अधिकच महत्त्वाचं, कारण झिजणं हे या अंगठीचं कामच आहे. आवाज न करणाऱ्या साधनात बारीक चुंबक वापरतात आणि थरथरणाऱ्यात बटनसेल. दोन्ही लहान मुलांच्या पोटात गेले तर जिवावर बेतू शकतं. चावायच्या पेंडंटचा गोफ ओढला जाताच सुटणारा असावा लागतो. आणि हालचालीची नोंद ठेवणाऱ्या ब्रेसलेटमधून माणूस दिवसात किती वेळा अस्वस्थ झाला याची माहिती तयार होते. ती कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न सुरक्षिततेइतकाच गंभीर आहे.

अजून मोकळं

साध्या अंगठीची किंवा पट्ट्याची नीट चाचणी कशी असावी, हे आजवरच्या कामातून पुरेसं स्पष्ट होतं. माणसाने साधन स्वतः निवडावं. नावीन्य ओसरेपर्यंत, म्हणजे निदान काही आठवडे, ते वापरावं. तुलनेला त्याच आकाराची, पण न फिरणारी अंगठी घातलेला गट असावा. ‘बरं वाटलं का’ याच्याबरोबर काय आठवलं, किती चुका झाल्या हेही मोजावं. एडीएचडी, चिंता आणि यातलं काहीच नसलेली माणसं यांचे निकाल वेगळे मांडावेत, कारण रॅपोर्ट यांच्या प्रयोगाने एकाचा फायदा दुसऱ्याला लागू होत नाही हे दाखवलंच आहे.

आपल्याकडे हा प्रश्न परीक्षागृहाच्या दारात येऊन थांबतो. ‘नीट’सारख्या परीक्षेत अंगठी, कडं, घड्याळ बाहेर ठेवावं लागतं आणि गैरप्रकारांचा इतिहास पाहता त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. रूढीप्रमाणे विशेष पेहराव करणाऱ्यांना लवकर येऊन तपासणी करून घेण्याची सोय असते. चाळ्याच्या साधनासाठी तशी सोय मागायची तर कोणत्या आधारावर? दिव्यांग हक्क कायदा, २०१६च्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. धातूऐवजी कापडाचं आणि तपासायला सोपं साधन बनवता येईल. बाहीतली पट्टी हा एक मार्ग आहे. पण परीक्षा मंडळाने ते मान्य करायचं तर त्याचा उपयोग होतो हे दाखवणारी, वर सांगितल्यासारखी चाचणी आधी व्हायला हवी, आणि तिचा खर्च अंगठ्या विकणाऱ्यांखेरीज दुसऱ्या कोणीतरी उचलायला हवा.